पाहणीच्या आधीचा रंग

क्लूनाराची शाळा डिम्फना हेनेगनने बुडवली, असं आमच्या या मेयो परगण्यातल्या गावात आता सर्रास बोललं जातं. दुकानात बोललं जातं, चर्चच्या दाराशी बोललं जातं, आणि जे बोलतात त्यांतल्या निम्म्यांच्या बुटांवर अजून त्या शाळेला मारलेल्या रंगाचे शिंतोडे आहेत. मी तिचा शेजारी मॅलकी लॅव्हेल, धंदा गिलाव्याचा. आमच्या दोन घरांमध्ये एक दगडी बांध आणि एक नाठाळ गाढव, एवढंच काय ते अंतर. या विषयावर माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो.

डिम्फना उंच, हाडापेराने मजबूत बाई. नवरा टर्लो गेला तेव्हा मुलगा कॉनल अजून शाळेत होता. गाई, मेंढ्या, गवत कापणं, चुलीत जाळायला दलदलीतलं पीट आणून रचणं, सगळं तिने एकटीने ओढलं. घर असं ठेवायची की कुत्र्यालाही दारात थबकून पायांचा विचार करावा लागे. आणि तक्रार म्हणून करायची नाही. एकदा मनगट मोडलं तरी पत्त्यांच्या डावाला आली आणि डाव्या हाताने पानं वाटत बसली. माझ्या बायकोने, अट्रॅक्टाने विचारलं, "अगं, कसं आहे मनगट?" तर म्हणाली, "वाईट नाही." टर्लोला पुरून आलो त्या दिवशी फाटकाशी मी तिला विचारलं होतं, कशी आहेस? त्या दिवशीही तिने तेच उत्तर दिलं. आमच्याकडे सगळेच असं म्हणतात, पण तिच्या तोंडून ते ऐकलं की पुढचा प्रश्न घशातच राहायचा.

शाळा म्हणजे दोन दगडी खोल्या आणि एक डबा. डबा म्हणजे लॉरीवरून आणून ठेवलेली तयार खोली, भाड्याची. पटावर पोरं वाढली म्हणून दोन वर्षांसाठी आणली होती. त्या डब्यात मुळाक्षरं शिकलेल्या पोरी पुढे आया झाल्या आणि आपापली पोरं त्याच डब्यात सोडायला येऊ लागल्या. छप्पर गळायचं. वारा पश्चिमेचा असला की बाकं दाराकडे सरकवायची, दक्षिणेचा असला की फळ्याकडे. भिंतीच्या खालच्या अंगाला बुरशी इतकी काळीशार की पोरं तिच्यावर बोटाने चित्रं काढायची. जमीन एका कोपऱ्यात मऊ झाली होती, तिथे प्लायवूड टाकून वर कपाट ठेवलं होतं. नोव्हेंबर ते मार्च पोरं कोट अंगात घालूनच बसायची.

जुन्या जागी वाढवायला वावच नव्हता. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला दलदल. नवी शाळा बांधायची तर नवी जागा हवी, आणि जागा नुसती मोकळी असून भागत नाही, जमिनीत पाणी जिरायला हवं, नाहीतर संडासाच्या टाकीला परवानगी मिळत नाही. आमच्या भागात पाणी जिरत नाही, ते वर्षभर तिथंच बसून आपल्याकडे बघत असतं. इंजिनिअर येऊन जागोजाग खड्डे खणून गेला, खड्ड्यांत पाणी ओतून घड्याळ लावून बसला. सगळ्या क्लूनारात एकच तुकडा पास झाला, शाळेसमोरचं डिम्फनाचं उंचावरचं शेत.

आता तेच शेत कॉनलला हवं होतं. तो कॅसलबार शहरात भाड्याच्या घरात राहायचा, बायको आणि साइव्ह नावाची छोटी पोर घेऊन. घर बांधून परत यायचं त्याच्या मनात होतं. मी त्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात चुलीमागचा गिलावा दुरुस्त करत होतो, म्हणून माझ्या कानांवर सगळं पडलं.

"आई, सगळं नको. एक कोपरा दे फक्त."

"कोपऱ्यात घर बसेल रे, पण मग शाळेच्या टाकीला जागा राहत नाही. इंजिनिअर बोललाय."

"म्हणजे पोरांच्या संडासासाठी मला घर नाही?"

"तोंड सांभाळ. मॅलकी आहे इथं."

"मॅलकीकाकांना काय, ते पण ऐकू देत. ते मागचं शेत का नाही देत शाळेला?"

"मागच्या शेतात बदकं पोहतात, कॉनल! अरे, जरा विचार कर. शाळाच राहिली नाही तर तुझ्या त्या घरात राहणार कोण? साइव्हला घेऊन रोज ड्रमशीलच्या शाळेत हेलपाटे घालणार आहेस? आधी शाळा उभी राहू दे. शाळा असली की माणसं येतील, माणसं आली की रस्ता येईल, जागेचं बघू मग."

"बघू मग," कॉनल म्हणाला आणि टोपी उचलून गेला. वर्षाच्या आत तो पार जगाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला निघून गेला, बायको-पोरीसकट. विमानतळावर सोडून आल्यावर तिला विचारलं, कसं काय? वाईट नाही, म्हणाली.

शेत तिने चर्चच्या विश्वस्तांच्या नावे करून दिलं. आमच्याकडे शाळा सरकारच्या पैशाने चालते पण जागा चर्चची असते, आणि जागा नावावर नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. सही करून आली आणि टर्लोचा फुटबॉल संघातला फोटो भिंतीवरून उतरवून तिथे नव्या शाळेचा नकाशा लावला. चार वर्ग, एक खेळायची मोठी खोली, दक्षिणेला खिडक्या. कोणी चहाला आलं की लाटण्याने दाखवायची, "हे बघ, हा छोट्यांचा वर्ग. इथनं थेट उन्हात येतील." एका वर्गाला ती साइव्हचा वर्ग म्हणायची. पोरगी परत येईल याची तिला खात्री होती.

नकाशे, इंजिनिअर, वकील हा खर्च आमचा आम्ही उभा केला. केक विकले, ख्रिसमसला टर्कीचं बक्षीस लावून पत्त्यांचे डाव भरवले, गावातले सगळे ट्रॅक्टर ओळीने रस्त्यावरून फिरवून वर्गणी घेतली. डिम्फना प्रत्येक ठिकाणी पुढे. मोठा पैसा मात्र डब्लिनमधून, सरकारकडून यायचा होता, आणि तो कोणाला आधी द्यायचा हे ठरवायला तिथनं माणूस येऊन इमारत बघणार होता. आमचा आमदार दर मयताला यायचा, हात दाबून धरायचा आणि म्हणायचा, "तुमचं काम माझ्या टेबलावर सगळ्यात वर आहे." त्या टेबलावर सगळ्यात खाली कोणाचं काम होतं ते मला एकदा बघायचं आहे.

शेवटी पाहणीची तारीख कळली. ईस्टरच्या सुट्टीनंतर.

इथे घरच्या मिस्सेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे वसंतात आणि शरदात पाळीपाळीने एकेका घरी मिस्सा, म्हणजे एरवी चर्चमध्ये होणारी उपासना, होते. फादर घरी येतात, शेजारपाजार जमतो, स्वयंपाकघरातल्या टेबलाची वेदी होते, आणि नंतर सगळ्यांना भरपेट खाणं. पाळी आली की ते घर आतून बाहेरून रंगवायचं. चुना, नवे पडदे, अंगण घासायचं, शेणाचा ढीग गोठ्यामागे ढकलायचा. कित्येक घरांत पहिला नळ आणि पहिला संडास मिस्सेच्या धास्तीने आला. माझ्या आईने मिस्सेच्या आदल्या दिवशी कोंबड्यांचे पाय धुतले होते. घरी कोणी बाहेरचा येणार आणि त्याला आपली घाण दिसणार, यापेक्षा मोठी नामुष्की आम्हाला माहीत नाही.

तर त्या डब्यातच सभा भरली. शाळासमितीचे अध्यक्ष फादर मॉयलन, मुख्याध्यापिका फिनोला टिमलिन, आणि आम्ही पंधरा-वीस जण, पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. फिनोला तरुण, शेजारच्या स्लायगो परगण्याची, बोलायला फटकळ.

"माझी एकच विनंती आहे," ती म्हणाली. "कोणी कशाला हात लावू नका. बादल्या जिथल्या तिथं राहू देत. ते कपाट मी स्वतः बाजूला सरकवून ठेवणार आहे."

डिम्फनाने तिच्याकडे अशी नजर टाकली की जणू पोरीने चर्चमध्ये शिवी दिली. "आणि ती बुरशी?"

"ती तर आधी दाखवायची, मिसेस हेनेगन."

"बाळे, डब्लिनची बाई येणार. तिला आपण या घाणीत उभी करायची? काय म्हणेल ती? हे लोक इथं डुकरांसारखे राहतात, यांना नवी शाळा देऊन काय उपयोग, ती पण अशीच करतील. म्हणेल की नाही?"

"नाही म्हणणार. ती मोजमाप घ्यायला येतेय, सोयरीक जुळवायला नाही."

लोक हसले, पण डिम्फनाच्या बाजूने हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "स्लायगोला चालत असेल तसलं." फिनोलाचा चेहरा लाल झाला.

"ऐका माझं," ती म्हणाली. "ड्रमशीलचाही अर्ज आहे. ते लोक काय करतायत माहितेय का?"

"ड्रमशीलवाल्यांना लाज कधी होती?" डिम्फना म्हणाली. "आपण चांगलं ठेवलं तर तिला कळेल की हे लोक जपणारे आहेत. ज्याला राखता येतं त्यालाच देतात. फादर, तुम्ही सांगा."

फादर मॉयलननी फिनोलाकडे बघितलं, डिम्फनाकडे बघितलं, आणि म्हणाले, "थोडी साफसफाई केली तर काही बिघडत नाही." आयुष्यात त्यांनी याहून ठाम मत दिलेलं मी ऐकलेलं नाही. मग हात वर करायला सांगितलं. फिनोलाचा एक हात विरुद्ध, बाकी सगळे डिम्फनाच्या बाजूने. सगळे, हे मी पुन्हा सांगतो. त्यातले पुढे जे बोलले त्यांची नावं मला तोंडपाठ आहेत.

ती सुट्टी फार आनंदात गेली, आणि आज ते आठवलं की मला जास्त राग येतो. बुरशी खरवडली, ब्लीचने धुतली, वर प्रायमर आणि मग पांढरा रंग. छपराला मी डांबर फासलं, फार तर महिनाभर टिकेल असं. मऊ कोपऱ्यावर नवं प्लायवूड, वर लिनोलियम, वर पुन्हा कपाट. पन्हळी बांधल्या, बादल्या गोठ्यांत गेल्या. बायका सँडविच घेऊन यायच्या, कोणीतरी ॲकॉर्डियन आणलं. डिम्फना टर्लोचा जुना ओव्हरॉल घालून शिडीवर, केसांत रंग, आणि खालून अट्रॅक्टा ओरडतेय, "अगं उतर, सत्तरीला आलीस!" "खिडकीची चौकट राहिलीय ना," ती वरून म्हणाली. खिडक्यांखाली तिने पोरांकडून फुलं लावून घेतली. इतकी सुंदर शाळा क्लूनाराने कधी बघितली नव्हती.

पाहणीच्या दिवशी ऊन पडलं. मेयो परगण्यात ऊन हवं तेव्हा कधी पडत नाही, त्या दिवशी मात्र कडक पडलं. डब्लिनची बाई आली, चाळिशीची, साधी, पायांत गमबूट. मुद्दाम गमबूट घालून आली होती बिचारी, आणि चिखलच नव्हता. मी दारं नीट लागतात की नाही ते बघायला हजर होतो. तिने भिंतींवर हात फिरवला, छताकडे बघितलं, डब्यात दोनदा पाय आपटला. ज्या कोपऱ्यात आपटायला हवा होता तिथे कपाट होतं.

"गळतं का कुठे?" तिने विचारलं.

फिनोलाने तोंड उघडलं, पण डिम्फना पुढे झाली. "कधीतरी थोडंसं. तक्रार करण्यासारखं नाही."

"थोडंसं?" फिनोला म्हणाली. "मिसेस हेनेगन, फेब्रुवारीत आपण पोरांना—"

"अगं, पाहुण्यांना बसू तरी दे," डिम्फना म्हणाली.

"हिवाळ्यात गारठा?" बाईने विचारलं. तिच्या आवाजात मला वाटतं आशा होती. कोणीतरी काहीतरी बोलावं असं तिला वाटत होतं.

"आमची पोरं काटक आहेत हो," डिम्फना म्हणाली आणि फादर मॉयलननी मान डोलावली.

मग चहा. मिस्सेला काढतात तशी डिम्फनाची सोनेरी काठाची कपबशी, हॅम, घरचा काळा पाव, सफरचंदाचा टार्ट. बाईने दोनदा टार्ट घेतला. फिनोला आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होती, तिचे खांदे हलत होते. निघताना बाई डिम्फनाचा हात हातात घेऊन म्हणाली, "इतकी छान ठेवलेली शाळा मी या पश्चिम भागात बघितली नाही." डिम्फना गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस मॅलकी? आता आपली शाळा होते." तेवढा आनंद तिच्या चेहऱ्यावर मी लग्नातही बघितला नव्हता.

सप्टेंबरात फिनोलाला फोन आला. आमची इमारत समाधानकारक ठरली होती. ज्यांची स्थिती वाईट ते आधी, आणि आमचा नंबर पार खाली गेला. ड्रमशीलला मंजुरी मिळाली.

ड्रमशीलच्या समितीचा बर्टी डर्कन नावाचा एक बेशरम माणूस आहे. तो गुरांच्या बाजारात सगळ्यांसमोर मला म्हणाला, "अरे, तुम्ही लोक कमाल आहात. आमच्याकडे तीन बादल्या होत्या, चौथी मी घरनं आणली. छपरावरच्या दोन दगडी पाट्या मी स्वतः काठीने ढकलून पाडल्या. आणि तुम्ही फुलं लावलीत?" सगळा बाजार हसला. मी त्याच्या नाकावर ठोसा मारला असता तर आज मला बरं वाटलं असतं. पण मी हसलो. आम्ही असे वेळेवर हसणारे.

त्याच आठवड्यात बोलणं सुरू झालं. आधी हळू, मग मोठ्याने. ज्या मागच्या बाकावरून स्लायगोचा टोमणा आला होता तिथूनच आता आलं, "पोरगी सांगत होती, पण म्हातारीला मिरवायचं होतं ना." तिला पेंटर म्हणू लागले. "पेंटरबाई आल्या, भिंती सांभाळा रे." एका सकाळी तिच्या फाटकावर कोणीतरी पांढऱ्या रंगाचा रिकामा डबा अडकवून ठेवला. मी तो काढायला गेलो तर ती म्हणाली, "राहू दे, त्यात खिळे ठेवता येतील." मी घरी येऊन अट्रॅक्टावर उगाचच ओरडलो.

डिम्फनाने पुन्हा अर्ज करायला लावला. आमदाराच्या ऑफिसात जाऊन बसली, फादरना घेऊन बिशपच्या माणसाला भेटली, डब्लिनला फोन करून त्या बाईलाच गाठलं आणि सांगितलं, बाई, मी खोटं बोलले, गळतं, धबधबा लागतो. बाई चांगली होती. म्हणाली, मी जे बघितलं तेच मी लिहू शकते, पुढच्या फेरीत परत येते. पण पुढच्या फेरीपर्यंत थांबायला पोरं तर हवीत. ड्रमशीलला नवी इमारत उभी राहिली, चकचकीत वर्ग, गरम फरशी, खेळायची मोठी खोली, आणि दाराशी येणारी बस. आधी दोन घरं गेली, मग सहा. पट घसरला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की उरलेलेही जातात. ज्यांनी पोरं पहिल्यांदा काढली तेच दुकानात सगळ्यात जास्त बोलायचे. फिनोला शेवटपर्यंत राहिली, हे तिच्याबद्दल सांगायला हवं. जाताना ती डिम्फनाच्या घरी गेली होती. काय बोलल्या कोणाला माहीत नाही, पण डिम्फनाने तिला पावाची लादी बांधून दिली.

शाळा बंद झाल्याचं कळवायला तिने कॉनलला फोन केला तेव्हा मी तिथे होतो, ती आवाज मोठा ठेवून बोलते. कॉनल रागावला नाही, तेच वाईट झालं.

"तू ये ना मग," ती म्हणाली. "विश्वस्तांकडून शेत परत मागते मी. वेळ लागेल, पण देतील. तुला पाहिजे तो कोपरा घे. सगळंच घे."

मग तो म्हणाला, "आई, तूच म्हणाली होतीस ना, शाळाच नसली तर घरात राहणार कोण?"

तिने फोन ठेवला आणि नकाशाखालची भिंत फडक्याने पुसू लागली. नकाशा मात्र काढला नाही.

उन्हाळ्यात भाड्याचा डबा परत न्यायला लॉरी आणि क्रेन आली. आम्ही बरेच जण रस्त्यावर उभे होतो, डिम्फनाही. क्रेनने पट्टे ताणले, डबा हातभर उचलला गेला, आणि कड्ड असा आवाज होऊन त्याचा तळ खाली पडला. नवं प्लायवूड, लिनोलियम, कपाट, सगळं कुजक्या लाकडासकट ढिगारा होऊन तिथेच राहिलं. वरचा डबा मात्र पांढराशुभ्र, हवेत झुलतोय. क्रेनवाला शिव्या देत खाली उतरला. "यात पोरं बसवत होता तुम्ही?" त्याने विचारलं. डिम्फना तेवढी पुढे गेली, ढिगाऱ्यातली एक फळी उचलून हातात चुरडून बघितली आणि म्हणाली, "हे त्या डब्लिनच्या बाईला दाखवायचं होतं." मग आमच्याकडे न बघता घरी गेली.

तिच्या उंचावरच्या शेतात आता दुसऱ्याच्या मेंढ्या चरतात. विश्वस्तांनी ते कोणाला तरी चाऱ्याला दिलंय आणि ते परत मागणारा तिचा अर्ज बिशपच्या ऑफिसात पडून आहे. खालच्या बाजूने लव्हाळा चढायला लागलाय.

या वसंतात घरच्या मिस्सेची पाळी तिची आली. अट्रॅक्टा महिनाभर आधीच म्हणाली, "मॅलकी, जाऊन तिच्या भिंतींना हात मार. एकटी आहे." मी रंग आणि ब्रश घेऊन गेलो. दारातच तिने अडवलं.

"काय आणलंयस?"

"मिस्सेसाठी. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"घेऊन जा ते, मॅलकी."

"अगं, लोक येणार, फादर येणार."

"येऊ देत की," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

मिस्सेच्या सकाळी आम्ही गेलो तेव्हा मला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. अंगणात शेणाचा ढीग जिथल्या तिथे. चुलीवरची भिंत काजळीने काळी. छताच्या कोपऱ्यात ओल, तिच्याखाली जमिनीवर बादली, आणि पाऊस लागलेला होता म्हणून बादलीत थेंब पडत होते. ज्या घरात कुत्रं पाय पुसायचं त्या घराच्या खिडकीच्या कट्ट्यावर बुरशी आली होती. नकाशाच्या कडा पिवळ्या पडून गोळा झाल्या होत्या. ती मात्र स्वच्छ कपड्यांत, केस विंचरून, टेबलाशी उभी होती, आणि टेबलावर पांढरं कापड इस्त्री केलेलं होतं.

लोक आत येत होते आणि भिंतींकडे न बघण्याची शिकस्त करत होते. सगळे आपापले बूट न्याहाळत होते. पेंटरबाई म्हणणारेही होते त्यांत, आणि ते सगळ्यात जास्त खाली बघत होते. मिस्सा झाली. फादर मॉयलननी प्रसाद दिला, मागे बादलीत टप टप चालूच. शेवटी अट्रॅक्टाला राहवलं नाही. तिने ओट्यावरचं फडकं उचललं आणि हळूच खिडकीचा कट्टा पुसायला घेतला.

"ठेव ते फडकं, अट्रॅक्टा," डिम्फना म्हणाली. रागाने नाही. "पुसलंस तर त्यांना वाटेल सगळं ठीक आहे."

अट्रॅक्टाने फडकं ठेवलं. सोनेरी काठाच्या कपांत चहा आला, टार्ट आला. काही वेळ नुसते चमचे वाजत होते. मग फादर मॉयलननी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, आमच्याकडे विचारतात तसं विचारलं, "बाकी, तू कशी आहेस डिम्फना?"

तिने किटली खाली ठेवली. "वाईट आहे, फादर," ती म्हणाली. "फार वाईट आहे. रात्री झोप लागत नाही. पोरगा येणार नाही. नात मला ओळखत नाही. आणि हे सगळे इथं बसलेत ना, यांनी हात वर केले होते."

मी तिला लहानपणापासून ओळखतो, आणि असं बोलताना तिला कधी ऐकलं नव्हतं. तिला कोणाला तरी हे दाखवायचं होतं, तेही आमच्या रीतीच्या उलटं, आणि आम्ही सगळे तिथे होतो. मला उठून तिच्याजवळ जायचं होतं. बर्टी डर्कनसमोर जसा हसत राहिलो तसाच त्या खुर्चीत बसून राहिलो.

बादलीत थेंब पडत होते. मग फादरनी कप उचलला, एक घोट घेतला, आणि म्हणाले, "चहा मात्र छान झालाय हं."

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.